मदत हवी आहे: सोनोग्राफी शिकवणाऱ्या वरिष्ठ विद्यार्थ्यांची तयारी कशी तपासावी?

नमस्कार. मी सोलापुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. अपघातग्रस्ताच्या पोटात किंवा हृदयाभोवती रक्त साचले आहे का, हे पाहण्याच्या ‘फास्ट’ या सोनोग्राफी तपासणीचा सराव अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी कनिष्ठांकडून करून घ्यावा, अशी आमची योजना आहे. रेडिओलॉजी विभागातील डॉक्टरांना रुग्णांच्या गर्दीतून प्रत्येकाचा हात धरून शिकवणे शक्य होत नाही, आणि प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा अंगावर टेकवून फिरवायचा भाग) हातात घेतल्याशिवाय ही विद्या येत नाही.

१९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा विचार करून सराव विभागातील नोंदणीकृत यंत्रावरच, तेथील डॉक्टर खोलीत उपस्थित असताना आणि केवळ पुरुष स्वयंसेवकांवर घ्यावा, असे आम्ही ठरवले आहे. या कायद्याखालील समुचित प्राधिकाऱ्यांकडे लेखी विचारणाही केली आहे. त्यामुळे त्या बाजूची मला फारशी चिंता नाही.

खरी चिंता चुकीच्या सवयींची आहे. यकृत आणि उजवी किडनी यांमधली, रक्त साचू शकते ती फट बहुतेकांना लवकर सापडते. डाव्या बाजूला मात्र प्रोब अधिक वर आणि अधिक पाठीकडे न्यावा लागतो; तो पुढेच ठेवला तर जठरातील हवा आड येते, आणि विद्यार्थी जागा बदलण्याऐवजी नुसता दाब वाढवतो. गेन (पडद्यावरील प्रतिमेची उजळता कमी-जास्त करणारे नियंत्रण) गरजेपेक्षा जास्त ठेवला तर द्रवाची बारीक काळी रेघ उजळून दिसेनाशी होते. शिकवणाऱ्याच्याच हाताला अशी सवय असेल, तर ती पूर्ण तुकडीत उतरेल. जर्मनीत विद्यार्थ्यांकडून सोनोग्राफी शिकवण्याची पद्धत रुळलेली आहे, पण तिथेही या विद्यार्थ्यांना आधी स्वतंत्र प्रशिक्षण दिले जाते.

म्हणून ज्यांनी असा उपक्रम चालवला आहे, त्यांना माझी विनंती आहे. शिकवण्याची परवानगी देण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याची परीक्षा आपण कशी घेतली? जतन केलेल्या प्रतिमा पुरेशा ठरतात, की प्रोब फिरवताना प्रत्यक्ष पाहणे आवश्यक आहे? आणखी एक नाजूक प्रश्न आहे: सरावादरम्यान एखाद्या स्वयंसेवकाच्या पित्ताशयात खडा किंवा किडनीला सूज दिसली, तर सहाध्यायांसमोर वाच्यता न होता ती गोष्ट त्याला कोणी आणि कशी सांगावी? यासाठी आपण आधीच लेखी संमती घेत असाल, तर तिचा मजकूर कृपया येथे द्यावा.

उत्तर देताना एका यंत्रावर किती विद्यार्थी होते, हेही कळवावे.