अनुभव धागा: पावडरीशिवाय अंग कसं कमावलंत?

मोंढ्याचा_पोऱ्या
आज सोयाबीन घेऊन परभणीच्या मोंढ्यात गेलो होतो. बीट (लिलाव) निघायला वेळ होता म्हणून आडतीतल्या काट्यावर सहज उभा राहिलो. ७१ किलो. अन् एकदम २००९ आठवलं. अकरावीत होतो, असल्याच काट्यावर ४६ भरलो होतो.

तिथं एक हमाल मामा होते, पन्नाशीला टेकलेले. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे. मला म्हणाले, "बाळा, पोतं पाठीनं नाही उचलायचं, मांड्यांनी उचलायचं." खाली बसवलं, टाचा टेकवल्या, छाती वर करायला लावली अन् २० किलोचं चुंगडं हातात दिलं. पुढं कॉलेजात जिमवाल्यानं स्क्वॉट शिकवायला घेतला तर तो मला आधीच येत होता.

त्या पावसाळ्यापासून रोज ५० बैठका, दर आठवड्याला १० वाढवायच्या. शंभरावर गेलो तशी मामांनी संख्या थांबवली अन् खांद्यावर १० किलो ज्वारीचं गाठोडं दिलं. म्हणाले, आता मोजू नको, वजन वाढव. आई रात्री वाटीभर हरभरे भिजत घालायची, सकाळी गुळाच्या खड्यासोबत खायचो. दोन वेळ भाकरी अन् घट्ट वरण, अर्धा लिटर म्हशीचं दूध, दप्तरात शेंगदाणे. मटण महिन्यातून एखाद्या वेळी. दीड वर्षात ५८ झालो.

पुतण्या आता १६ चा आहे. काल त्यानं तीन हजारांचा प्रोटीन पावडरचा डबा मागितला. त्याला नाही म्हणायच्या आधी तुमचे अनुभव वाचायला द्यायचेत. लिहा.

लाल_माती
नांदेडकडचा. तालमीत सहा वर्षं काढली. पहाटे चारला उठून कुस्तीच्या मातीचा हौद खोरायचा, तोच पहिला व्यायाम. मातीत हळद, लिंबू, तेल, ताक जिरवलेलं असतं, तो वास अजून नाकात आहे. मग जोर, बैठका, मग लढत.
बदाम परवडायचे नाहीत. वस्ताद म्हणाले, शेंगदाणे भिजव. रात्रभर भिजवलेले दाणे, थोडी खसखस, दोन मिरे दगडी खलात घोटायचे. हात भरून येईपर्यंत घोटायचं, दाणा बोटाला लागला की वस्ताद परत घोटायला लावायचे. मग दुधात गाळून प्यायचं. शंभर ग्रॅम दाण्यात पंचवीसेक ग्रॅम प्रोटीन असतं हे लई वर्षांनी कळलं.
माळेगावच्या यात्रेत फेटा मिळाला होता, तो त्याच खुराकावर.

वैशाली_लातूर
कुकर लावलाय, पटकन लिहिते. गृहविज्ञान शिकलेय म्हणून हिशोब देते. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. वजन उचलणाऱ्याला साधारण १.६ पर्यंत पुरे. म्हणजे ६० किलोच्या पोराला ९६ ग्रॅम.
आता आपलंच ताट बघा. ज्वारीचं पीठ २०० ग्रॅम, त्यात प्रोटीन २० ग्रॅम. तुरीची डाळ १०० ग्रॅम, २२. हरभरे ५० ग्रॅम, १०. शेंगदाणे ५० ग्रॅम, १२. दूध अर्धा लिटर, १६. तीन अंडी, १८. बेरीज ९८ येते. वजनं सगळी कच्ची धरलीत, शिजल्यावरची नाही.
अन् भाकरीसोबत वरण का, तर ज्वारीत लायसिन (प्रोटीनचा एक घटक) कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत जे कमी ते ज्वारीत. आपल्या आज्यांनी ही जोडी बरोबर बसवलीय. फक्त पातळ पाण्यासारखं वरण ओरपून १०० ग्रॅम डाळ पोटात जात नाही, ते घट्ट पाहिजे.

किराणा_घर
ताई हा हिशोब फ्रिजवर चिकटवला. अंडी खात नाही, मग?

वैशाली_लातूर
@किराणा_घर सोयाबीनच्या वड्या ३५ ग्रॅम, तेवढंच मिळतं. नाहीतर शंभर ग्रॅम पनीर.

औंढ्याचा
सोयाबीनवरून सांगतो. घरी पोत्यानं पडलेलं, म्हणलं हरभऱ्यासारखंच भिजवून खाऊ. दोन दिवस पोट धरून बसलो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारं द्रव्य असतं, ते उकळल्यावरच जातं. पोरांनो हे करू नका. आता आई नऊ वाट्या गव्हात एक वाटी सोयाबीन दळून आणती, पोळी कळत पण नाही.

शेतकरी_पोरगी
@औंढ्याचा भाव काय मिळाला तुमच्याकडं? आमच्याकडं ओलावा सांगून कापायलेत.

औंढ्याचा
तेच रडगाणं ताई. वाळवून ठेवलंय, थांबतो.

जिम_संभाजीनगर
माझा अनुभव उलटा. पंचविशीत अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणून डबा घेतला. बिल नाही, झाकणाखालचं सील अर्धवट निघालेलं. पहिल्या आठवड्यात तोंडावर पुरळ, जुलाब. दुकानदार ओळख दाखवायला तयार नाही. घरी सांगायची पण चोरी, कारण पैसे आईच्या भिशीतले होते. अजून ते आठवलं की वाईट वाटतं.
डब्यातलं व्हे म्हणजे पनीर करताना उरणाऱ्या पाण्यातलंच प्रोटीन, ते विष नाही. पण नकली माल इतका आहे की १६ वर्षांच्या पोराच्या हातात देऊ नका दादा. चार अंडी उकडून द्या. कच्ची नाही बरं का, उकडलेल्या अंड्याचं प्रोटीन जास्त अंगी लागतं.

बीडची_मीरा
मी ४४. गुडघे दुखायचे म्हणून वर्षभरापूर्वी सुरू केलं. पाच लिटरचे दोन तेलाचे कॅन पाण्यानं भरले, ते धरून खुर्चीवर बसायचं-उठायचं. आता दहा लिटरचे. जाऊबाई म्हणाल्या, बायांनी वजन उचललं की पुरुषासारखं अंग होतं. काही होत नाही बायांनो, आपल्यात तेवढं हार्मोनच नसतं. जिना धरून चढत होते, आता दोन्ही हातात पिशव्या घेऊन चढते. आधी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचे, आता माझी डाळीची वाटी आधी काढून ठेवते.

माजलगाव_९१
मीराताई शेवटचं वाक्य माझ्या बायकोला वाचून दाखवलं.

माझं जरा वेगळं आहे. आई-दादा ऊसतोडीला जायचे. आई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायची, दिवसातून कितीदा ते मोजलं नाही. तिच्याएवढी ताकद मी जिममध्ये कुणात बघितली नाही. पण अंगावर मांस कधीच नव्हतं. भाकर, मिरची, तेल. झोप चार तास, रात्री दोनला गाडी भरायला आली की उठायचं. म्हणून कुणी म्हणलं की "शेतातली कामं कर, जिम कशाला", तर मला राग येतो. कष्टानं अंग झिजतं. अंग भरायला कष्टाच्या मागं जेवण अन् झोप लागते. पुतण्याला आठ तास झोपू द्या, मोबाईल काढून घ्या.
आई आता घरी आहे. रोज दोन अंडी अन् दूध देतो. आधी नको म्हणायची, आता मागून घेती.

लाल_माती
@माजलगाव_९१ भाऊ, माउलीला नमस्कार सांगा.

वैशाली_लातूर
डोळ्यात पाणी आलं. त्यांच्या अंड्यांवर चिमूटभर मिरपूड घाला, वास जातो.

पाटोदा_एक्सप्रेस
बीडचा विषय निघालाय तर आमच्या पाटोद्याच्या राहुल आवारेचं नाव राहायला नको. २०१९ ला जागतिक कुस्ती स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. त्या दिवशी गावात फटाके वाजवले होते आम्ही.

किराणा_घर
परभणीत करडईचं घाण्याचं तेल खात्रीचं कुठं मिळतं? विषय सोडून विचारते, माफ करा.

मोंढ्याचा_पोऱ्या
@किराणा_घर ताई, उद्या पत्ता टाकतो.
पुतण्यानं सगळं वाचलं. माजलगावच्या भावाचं दोनदा वाचलं. डब्याचं काही बोलला नाही, वैशालीताईंचा हिशोब वहीत उतरवून घेतला. आत्ता आतमध्ये हरभरे निवडायलाय. विचारतोय पोतं किती किलोनं सुरू करू. २० सांगितलं.

लाल_माती
१० नं करा दादा. पहिला महिना नुसतं बसणं-उठणं बरोबर येऊ द्या.

मोंढ्याचा_पोऱ्या
बरं. १०.