दृष्टी गेलेल्या बाबांना ओपेराला न्यावं का?

कृष्णाकाठ:
बाबा उन्हाळ्यात सांगलीहून लंडनला आमच्याकडे येतायत. काचबिंदूमुळे त्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. सगळं आयुष्य संगीत नाटकांच्या वेडात गेलं. त्यांना कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये पुच्चिनीच्या ‘तोस्का’सारखा एखादा ओपेरा ऐकवावा असं फार मनात आहे. काही प्रयोगांना ऑडिओ डिस्क्रिप्शन असतं, म्हणजे रंगमंचावर काय चाललंय ते इअरफोनवर सांगतात. पण गाणं चालू असताना कानात कुणी बोललं तर? बाबांना मैफलीत शेजाऱ्याची कुजबुजही खपत नाही. कुणाला अनुभव?

षड्ज:
ताई, जरूर न्या. मी पूर्ण अंध आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसाने, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने, तिशीत होतं नव्हतं ते गेलं. वर्णनासह होणारा ओपेरा मी शक्यतो सोडत नाही.

“ओपेरा म्हणजे गाणंच ना, तुम्हाला डोळे कशाला हवेत?” असं मला चांगली शिकलेली माणसं विचारतात. याचा मला मनापासून राग येतो. ओपेरा हे नाटक आहे. ‘तोस्का’च्या दुसऱ्या अंकाचा शेवटच बघा. पोलीसप्रमुख स्कार्पिया नायिका तोस्का आणि तिच्या प्रियकराला शहर सोडायचा परवाना लिहीत बसलाय. तोस्का वाइन घ्यायला टेबलाशी जाते, तिथे तिला सुरी दिसते आणि ती हळूच उचलून लपवते. एक शब्द नाही, फक्त वाद्यवृंद. त्याचा खून केल्यावर ती बोटं धुते, प्रेताच्या मुठीतून परवाना सोडवते, दोन बाजूंना मेणबत्त्या ठेवते, छातीवर क्रूस ठेवते. हे सगळं जवळजवळ निःशब्द. वर्णन नसेल तर आपल्याला नुसतं सुंदर, गूढ संगीत ऐकू येतं आणि बाकीचं थिएटर श्वास रोखून का बसलंय ते कळत नाही.

चांगला वर्णनकार मोठ्या गाण्यावर बोलत नाही. तालमी बघून, संगीत समोर ठेवून तो मजकूर आधीच लिहितो आणि मोकळी जागा आली की एखादं वाक्य टाकतो. बाबांना सांगा, गवयाची तान चालू असताना तबलजी साधा ठेका धरून जागेची वाट बघतो तसं हे थांबणं असतं.

इअरफोन मात्र एकाच कानात घाला, हे फार महत्त्वाचं. ओपेरात गायक माइकशिवाय गातात, त्यामुळे कोण डावीकडून आलं, कोण मागे सरकलं हे उघड्या कानाला कळतं. दोन्ही कान झाकले की ते सगळं हरवतं.

रंगपीठ:
भर घालतो. नाटकाच्या थेट वर्णनाची पद्धत अमेरिकेत १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात रुजली. ती उभी करणाऱ्या मार्गारेट फॅनस्टील यांची स्वतःची दृष्टी गेलेली होती. इटलीत माचेराताच्या खुल्या रंगमंदिरातल्या महोत्सवातही अंध प्रेक्षकांसाठी वर्णन आणि स्पर्शफेरी असते. तिकीट काढताना ‘टच टूर’ आहे का ते विचाराच.

षड्ज:
अगदी! प्रयोगाआधी रंगमंचावर नेतात, नेपथ्य, पोशाख, हत्यारं हाताळू देतात. झग्याचं वजन हाताला कळलं की तो झगा घालून जिना चढणारी बाई पुढे वेगळीच ऐकू येते. फेरीच्या जागा थोड्या असतात, तिकिटाबरोबरच नोंदवा. सोबत्याच्या तिकिटाला सवलत मिळते का तेही तेव्हाच विचारा.

कृष्णाकाठ:
मनापासून आभार! पण वर्णन इंग्रजीत, गाणं इटालियनमध्ये. बाबांचं इंग्रजी वाचनापुरतं होतं, ऐकून भरभर कळत नाही.

षड्ज:
मग कथा आधी मराठीत सांगून ठेवा, अंकाअंकाने. इथले बाकीचे प्रेक्षक रंगमंचाच्या वरच्या बाजूला झळकणारं भाषांतर वाचतात, आपल्याला ते नाही, म्हणून मी संहिता स्क्रीन रीडरवर (मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आधी ऐकून जातो. १८०० सालचं रोम, जूनचा महिना, नेपोलियनची ऑस्ट्रियाशी झालेली मारेंगोची लढाई हेही सांगा. आधी नेपोलियन हरल्याची बातमी येते, दुसऱ्या अंकात तो जिंकल्याचं कळतं आणि छळ सोसलेला काव्हारादोस्सी, म्हणजे तोस्काचा प्रियकर, “वित्तोरिया!” (विजय!) म्हणून ओरडतो. ती हाक कुठे येते ते रेकॉर्डिंग लावून बाबांना आधी दोनदा ऐकवा. आणि प्रयोग चालू असताना तुम्ही त्यांच्या कानाशी लागू नका, मध्यंतरात बोला.