बाबांच्या कॉम्प्युटरला कोणता अँटिव्हायरस घ्यावा?

मोगरा_नाशिक
नमस्कार मंडळी. नाशिकला आईबाबांकडे असेंबल केलेला डेस्कटॉप आहे: आय-३, सहाव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्यामुळे मेंटेनन्सच्या पावत्या, सभेचं इतिवृत्त, थकबाकीदारांची यादी, सगळं एक्सेल आणि वर्डमध्ये. प्रिंटर नाही. पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात. बाकी नेटबँकिंग, ई-पेपर, यूट्यूब.

हल्ली स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले, लगेच स्कॅन करा" अशा लाल पाट्या सारख्या येतात. मशीनही रडतखडत चालू होतं. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारतो आणि तीन वर्षांचं पॅक टाकून देतो. आत्ता आत एक मुदत संपलेला अँटिव्हायरस आहे आणि भावाने वर टाकलेला एक फुकटचा. मी बंगळुरात, सगळं फोनवरून निस्तरायचं. पैसे द्यायला ना नाही, पण कशाचे देतोय ते कळलं पाहिजे.

पेठेतला_पोपट
क्विक हील घ्या आणि विषय संपवा. पुण्याची कंपनी, काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या धंद्यातून उभी केलेली, २०१६ पासून शेअर बाजारात आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षं तोच. फक्त बॉक्सवरची एमआरपी देऊ नका, तीच लायसन्स-की (चालू करायचा नंबर) ऑनलाइन बरीच स्वस्त मिळते.

बिनपगारी_अ‍ॅडमिन
पोपटराव, जरा थांबा. रोग कळायच्या आधी औषध कशाला?

ताई, बाबांना ती पाटी आल्यावर बंद न करता नीट वाचायला सांगा. मोठ्या अक्षरांकडे नाही, खालच्या बारीक ओळीकडे बघायचं. तिथे ब्राउझरचं नाव आणि शेजारी एखादा विचित्र वेबपत्ता असेल, तर तो व्हायरसही नाही आणि अँटिव्हायरसही नाही. ते ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे. सिनेमा किंवा क्रिकेट फुकट दाखवणाऱ्या साइटवर "तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" असं येतं, माणूस भाबडेपणाने दाबतो, आणि त्या साइटला कायमचा परवाना मिळतो. मग ती अँटिव्हायरसचं चित्र लावून घाबरवत बसते, म्हणजे तुम्ही क्लिक करून काहीतरी विकत घ्यावं.

क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्यांच्या यादीतून बँक किंवा मेलसारखं ओळखीचं सोडून सगळं उडवा. वर "साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका" असा पर्याय आहे, तोही निवडून ठेवा.

हे होईपर्यंत दुकानदाराला हात लावू देऊ नका. फॉरमॅट म्हटलं की आधी इतिवृत्तं जातात.

मोगरा_नाशिक
व्हिडिओ कॉलवर करून घेतलं. बारीक ओळीत खरंच क्रोम आणि कुठलातरी अगम्य पत्ता होता! यादीत नावांची रांगच लागली होती, सगळी काढली. पाट्या थांबल्या. बाबा म्हणतात, "मग मी इतके दिवस घाबरत कशाला होतो?"

आता तरीही अँटिव्हायरस लागेल का? आणि मशीन हळू का?

उसाचा_रस
विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाका, कटकटच मिटेल.

बिनपगारी_अ‍ॅडमिन
रसभाऊ, सेक्रेटरींच्या एक्सेलमधले मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) तुम्ही रोज येऊन दुरुस्त करणार असाल तर जरूर.

ताई, हळू चालण्याचं कारण साधी हार्ड डिस्क हे आहेच, त्यात दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालतायत. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना तपासायला धावतात. दोन्ही काढा. कंट्रोल पॅनेलमधून काढूनही अवशेष राहिले तर त्या त्या कंपनीच्या साइटवर काढून टाकायचं वेगळं टूल मिळतं, ते चालवा आणि रीस्टार्ट करा.

मग विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, जागा होतो. विंडोज ८ पासून तो आतच असतो. बाहेरचा अँटिव्हायरस आला की तो आपणहून बाजूला होतो, आणि तो गेला की परत येतो. पण मुदत संपलेलं पॅक कधीकधी नुसतं खुर्ची अडवून बसतं, तुमच्याकडे तसंच झालं असणार. विंडोज सिक्युरिटी उघडून पहिल्या चौकोनावर हिरवी खूण आहे ना, ते बघा. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्था नियमित चाचण्या घेतात, त्यांच्या तक्त्यांत डिफेंडर आता पैसे घेणाऱ्यांच्या बरोबरीने असतो. घरच्या वापराला मी दुसरं काही सांगणार नाही.

रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, त्याच्यासाठीचं एक बटण मात्र स्वतः चालू करावं लागतं. "रॅन्समवेअर प्रोटेक्शन"मध्ये "कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस" असतं, मुळात बंद. चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्समध्ये ढवळाढवळ करता येत नाही. एखाद्या कामाच्या प्रोग्रॅमलाही अडवेल, तेव्हा त्याला तिथेच परवानगी द्यायची.

आता खरी काळजीची गोष्ट. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय, पण विंडोजमधलीच भोकं बुजवणार कोण? आठवा, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या अशाच खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी लावलं नव्हतं ते सापडले. घरच्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. सहाव्या पिढीचा आय-३ विंडोज ११ च्या यादीत नाही, आठवीपासून पुढे लागतो. म्हणजे वर्षादोन वर्षांत मशीन बदलायचं हे धरून चाला. तीन वर्षांचं पॅक या मशीनवर घेणं म्हणजे पाडायला काढलेल्या वाड्याला ऑइल पेंट.

पेठेतला_पोपट
मान्य, पण पेनड्राइव्हचं काय? झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर म्हणजे गावाची धर्मशाळा. माझ्या पुतण्याचा प्रोजेक्ट तिथून आला तो सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट होऊनच. आणि दुसरा मुद्दा: काही अडलं तर क्विक हीलवाल्यांना फोन करून मराठीत बोलता येतं. मायक्रोसॉफ्टला बाबा फोन करणार का?

बिनपगारी_अ‍ॅडमिन
दुसरा मुद्दा रास्त आहे. घरात विचारायला कोणीच नसेल तर फोनवर बोलणारा माणूस मिळण्याचे पैसे द्यायला हरकत नाही. मग एक वर्षाचंच घ्यावं.

शॉर्टकटवाला प्रकार असा: व्हायरस खऱ्या फाइली लपवतो, कधीकधी नाव नसलेल्या एका फोल्डरात सरकवतो, आणि वर त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. डबल क्लिक केलं की आधी तो स्वतः चालतो, मग तुमचा फोल्डर उघडून देतो. काही बिघडलंय असं वाटतच नाही. अशा वेळी पेनड्राइव्ह फॉरमॅट करायची घाई करू नका, फाइली आतच असतात. कशावरही क्लिक न करता आधी पूर्ण ड्राइव्ह स्कॅन करा, मग लपवलेल्या फाइली दाखवायची सोय चालू करून त्या बाहेर काढा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची टूल्स फुकट आहेत, त्यात क्विक हीलचंही आहे, म्हणजे पोपटरावही खूश.

सगळ्यात सोपं: पेनड्राइव्ह नेऊच नका. पावत्यांची पीडीएफ करून झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आता सगळे घेतात.

दर्यावर्दी_न्यूजर्सी
फुकटच्यांबद्दल थोडं. अव्हास्टने ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती उपकंपनीमार्फत विकली म्हणून इथल्या एफटीसीने (अमेरिकेतली ग्राहकहित बघणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ती उपकंपनी २०२० मध्येच बंद झाली होती, तरी बोध घ्यावा. अव्हास्ट, एव्हीजी, अविरा, नॉर्टन ही सगळी आता एकाच घरातली भावंडं आहेत, तेव्हा त्यांची आपसात तुलना करण्यात वेळ घालवू नका. कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरसवर इथे २०२४ मध्ये सरकारने बंदी घातली. भारतात मिळतो, ज्याने त्याने ठरवावं.

कोकणकडा
बँकवाल्या कॉम्प्युटरबद्दल एक. "आज रात्री साडेनऊला लाइट कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आमच्या चाळीत निम्म्यांना आला होता. फोन केला की एनीडेस्क, म्हणजे लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवता येणारं सॉफ्टवेअर, टाकायला लावतात. ते मूळचं सरळमार्गी सॉफ्टवेअर, त्यामुळे कुठलाच अँटिव्हायरस ओरडेल याची खात्री नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पहिल्या तासाभरात केला तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जायची शक्यता जास्त.

बिनपगारी_अ‍ॅडमिन
+१. आणि बाबांसाठी वेगळं स्टँडर्ड खातं करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड ताईंकडे राहू दे. म्हणजे काहीही इन्स्टॉल करायचं तर आधी बंगळुरात फोन येईल.

मोगरा_नाशिक
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: दोन्ही जुने काढले, डिफेंडर हिरवा आहे, वाढीव अपडेट्सची नोंदणी झाली. पॅकच्या पैशांत २५० जीबीची एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) आणि इतिवृत्तांच्या बॅकअपला एक बाहेरची डिस्क घेतेय. बॅकअप झाला की ती काढून कपाटात ठेवायची. पासवर्डवरून बाबा थोडे रुसलेत.

दुकानदार एसएसडी बसवायला तयार आहे, पण नव्याने विंडोज टाकल्याशिवाय जमणार नाही म्हणतो. आहे ती डिस्क जशीच्या तशी क्लोन करून देणारं नाशिकरोड किंवा कॉलेज रोडला कोणी माहीत आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.