राउटर न्यायला कोणी येत नाही, आणि परत केला नाही म्हणून २,५०० रुपये लावलेत. भरू की भांडू?

ऐरोली_शिकवणी

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण तपशील गाळले तर सल्ला देणाऱ्याचीच पंचाईत होईल.

आम्ही बावीस वर्षं ठाणे पूर्वेला, कोपरीत राहत होतो. इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून मे महिन्यात ऐरोलीला सेक्टर ८ मध्ये भाड्याने आलो. मी घरी आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. करोनापासून काही मुलं ऑनलाइन शिकतात, त्यासाठी तेव्हा ब्रॉडबँड घेतलं होतं. महिन्याला ५९९ अधिक जीएसटी, म्हणजे ७०६ रुपये ८२ पैसे. जोडणीच्या वेळी १,००० रुपये अनामत. इतक्या वर्षांत एक बिल उशिरा भरलेलं नाही.

इथल्या इमारतीत त्या कंपनीची लाइन नाही. म्हणून ९ मे रोजी कस्टमर केअरला फोन करून कनेक्शन बंद करायला सांगितलं, मेचं बिल त्याच दिवशी भरलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "झालं मॅडम, राउटर न्यायला आमचा माणूस येईल." मी नवा पत्ता दिला. माणूस आला नाही. आठवड्याने परत फोन केला, तेच उत्तर. तिसऱ्यांदा केला तेव्हा पंचवीस मिनिटं गाणं ऐकवून फोन कट झाला.

जूनच्या शेवटी मीच राउटर, अडॅप्टर आणि वायर टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि ट्रेनने ठाण्याला त्यांच्या ऑफिसात गेले. काउंटरवरचा म्हणाला, "आम्ही इथे राउटर घेत नाही, पिकअपच होतो." मी म्हटलं, निदान मी आणला होता एवढं तरी लिहून द्या. नाही दिलं. तसाच परत आणला. अजून कपाटात आहे.

दरम्यान जून, जुलै, ऑगस्ट अशी तीन बिलं आली, २,१२०.४६. त्यावर विलंब शुल्क ३००. सप्टेंबरात राउटर परत न केल्याबद्दल २,५००. एकूण ४,९२०.४६. अनामतीचा कुठे उल्लेखच नाही.

गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एका वकिलाच्या नावाने नोटीस आली. सात दिवसांत भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई आणि सिबिल, म्हणजे कर्ज देताना बँक पाहते ती परतफेडीची नोंद, खराब. रिकव्हरीवाल्याने माझ्या नणंदेलाही फोन केला, कारण फॉर्मवर दुसरा नंबर तिचा होता. तिच्यासमोर मला मान खाली घालावी लागली, ते पैशापेक्षा जास्त लागलं.

मुलाच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज पुढच्या महिन्यात करायचा आहे आणि सहकर्जदार मी आहे. हे म्हणतात, भरून टाक, पाच हजारांसाठी मुलाचं वर्ष धोक्यात नको. माझं मन तयार होत नाही. पण भीतीही वाटते. काय करू?

घोडबंदर_पातलीपाडा

ताई, भरू नका. मी हीच चूक केली. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे असेच १,८०० मागत होते, कटकट नको म्हणून भरले. पुढच्या महिन्यात पुन्हा बिल! पैसे भरल्यामुळे त्यांच्या सिस्टिममध्ये खातं 'चालू' दिसायला लागलं. आधी खातं बंद झाल्याचं लेखी घ्या, पैशाचं त्यानंतर.

नौपाड्याचे_काका

ताई, मी मुंबई ग्राहक पंचायतीच्या मासिक वाटपात (एकत्र खरेदी केलेला महिन्याचा किराणा सभासदांना वाटतात, त्यात) गेली एकोणीस वर्षं आहे. आमच्या संघातल्या कुणाची तक्रार असली की कागद माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून सांगतो.

पहिलं म्हणजे त्या नोटिशीला घाबरू नका. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, ती फक्त एका बाजूची मागणी. मात्र दुर्लक्षही करू नका. दोन परिच्छेदांचं उत्तर द्या: ९ मे रोजी सेवा बंद करायला सांगितली, मागणी अमान्य आहे, राउटर द्यायला मी तेव्हाही तयार होते आणि आजही आहे. हे ईमेलने पाठवा आणि कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टनेही पाठवा. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर ते मागत बसू नका. पावती जपून ठेवा.

दुसरं, यापुढे फोन बंद. तुम्ही तीन फोन केलेत, ऑफिसात जाऊन आलात, आणि हातात एक चिठोरं नाही. दूरसंचार कंपन्यांना ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांप्रमाणे दोन पायऱ्यांची तक्रार व्यवस्था ठेवावी लागते. आधी तक्रार केंद्र. तिथे तक्रार नोंदली की डॉकेट नंबर द्यावाच लागतो. तिथे समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत अपील प्राधिकरणाकडे जायचं. हे प्राधिकरण कंपनीचंच असतं, पण त्याला ३९ दिवसांत अपील निकाली काढावं लागतं. त्याचा ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी असतो. लोक कस्टमर केअरशी भांडून दमतात आणि इथपर्यंत पोचतच नाहीत. आणि थेट ट्रायकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नका, ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.

सोबत १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. हेल्पलाइनचा शब्द कंपनीवर बंधनकारक नाही, पण तिथून गेलेली तक्रार कंपनीत वेगळ्या टेबलावर जाते, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता पुराव्याचं सांगा. ९ मेच्या फोननंतर एखादा एसएमएस आला होता का?

ऐरोली_शिकवणी

काका, इतकं नीट समजावल्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री बसून सगळे मेसेज चाळले. ९ मे, दुपारी १२ वाजून ४० मिनिटं: 'तुमची विनंती नोंदवली आहे', पुढे एक नंबर. 'बंद करण्याची' असं मात्र त्यात लिहिलेलं नाही. हे चालेल का? ते म्हणतील, बाईंनी दुसऱ्याच कशासाठी फोन केला होता.

नौपाड्याचे_काका

चालेल. त्या नंबरची विनंती कशाची होती ते सांगणं आता त्यांच्यावर आलं. पण माझ्या मते तुमचा खरा पुरावा त्यांच्याकडेच आहे. जून ते ऑगस्टचा डेटा वापर लेखी मागवा. रोज शिकवणी चालणाऱ्या घरात तीन महिने शून्य जीबी, याचा अर्थ कुणालाही कळेल. ऐरोलीचा भाडेकरार नोंदणीकृत असेलच, त्याची तारीख जोडा. आणि कोपरीची इमारत रिकामी कधी केली, त्याचं काही पत्र?

ऐरोली_शिकवणी

अहो काका, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमची इमारत पाडली! पाडताना आम्ही सगळे शेजारी बघायला गेलो होतो, माझ्याकडे तारखेसकट फोटो आहेत. ऑगस्टचं बिल त्याच पत्त्यावरचं आहे, तिसरा मजला, खोली क्रमांकासह. करार १२ मेचा आहे. विकासकाचं घर ताब्यात घेतल्याचं पत्र १४ मेचं.

फोटो काढले ते रडत रडत, ते असे उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं.

बँकवाली_वाशी

मी बँकेत कर्ज विभागात काम करते, म्हणून सिबिलपुरतं लिहिते.

रिकव्हरीवाल्याने तोंडाने म्हटलं म्हणून अहवालात काही लागत नाही. दूरसंचारच्या थकबाकीची नोंद अहवालात येऊ शकते हे खरं, पण आली आहे का ते तुम्ही स्वतः आज पाहू शकता. कर्जदारांच्या परतफेडीचे असे अहवाल ठेवणाऱ्या देशात चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. पैसे मागणारी पानं मध्ये येतात, ती ओलांडून पुढे जा.

चुकीची नोंद दिसली तर तिथेच ऑनलाइन हरकत घाला. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आणि कर्जाच्या अर्जासोबत या वादाची डॉकेट नंबरसह एक पानी माहिती शाखेत आधीच द्या. आमच्यासमोर नुसती थकबाकी आली तर आम्ही साशंक होतो. कागदपत्रांसह वाद आला तर वाचतो. मुलाच्या वर्षाची भीती घालून कुणी तुमच्याकडून पैसे काढू नयेत, एवढं मला फार वाटतं.

ऐरोली_शिकवणी

तीन आठवड्यांनी लिहितेय. चारही अहवाल पाहिले, कुठेही नोंद नाही. तो दिवस मी पहिल्यांदा शांत झोपले.

तक्रार केंद्राला ईमेल केला, डॉकेट नंबर आला. पाचव्या दिवशी उत्तर: 'सद्भावना म्हणून ५० टक्के सूट, २,४६०.२३ भरून खातं मिटवा.' त्याच दिवशी एक मुलगा फोनवर खूप गोड बोलला, म्हणाला आजच भरा, उद्या ऑफर संपेल. घरी सगळे म्हणाले, घे मिटवून. काका, यावर तुमचं काय मत?

नौपाड्याचे_काका

घेऊ नका. अर्धे भरले की थकबाकी होती हे तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं, आणि तुमचे १,००० अनामतीचे विसरले जातात. उत्तर लिहा: सूट नको, बिल रद्द करा. आणि अपील टाका.

तिथेही नकार आला तर ग्राहक आयोग आहे. कंपनीचा माणूस सांगेल की दूरसंचारची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही. २००९ च्या एका निकालाच्या आधारे हा मुद्दा वर्षानुवर्षं काढला जायचा. पण १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, असा निकाल दिला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय दिल्लीला असो की हैदराबादला. ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतं, तेव्हा तुमचं प्रकरण ठाण्याचंच. (खारघर-पनवेलचे कोणी हे वाचत असतील तर त्यांचा जिल्हा रायगड, म्हणजे अलिबाग.) पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या संकेतस्थळावर घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा कर्जाचं काम आधी उरका, घाई नाही.

एक मात्र खरं तेच सांगतो. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लिहिलाय. माझ्या फ्रिजच्या दुरुस्ती कराराच्या प्रकरणाला दोन वर्षं लागली, सात तारखा झाल्या. निकाल माझ्या बाजूने आला, पण धीर लागतो. म्हणून अपिलातच घट्ट धरा. इमारत पाडल्याचा फोटो पहिल्या पानावर लावा.

ऐरोली_शिकवणी

अपील केलं. पहिल्या पानावर फोटो, त्याखाली ऑगस्टचं बिल. दोन्हीवर तोच पत्ता, एवढंच वर लिहिलं. पुढे भाडेकरार, विकासकाचं पत्र, एसएमएस, आणि डेटा वापराची मागणी.

सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं. तिन्ही बिलं, विलंब शुल्क आणि राउटरचे पैसे रद्द. खातं ९ मेपासून बंद धरलं आहे. डेटा वापराबद्दल एक शब्द नाही.

काल राउटर न्यायला मुलगा आला. बावीस-तेवीस वर्षांचा असेल, घामाघूम होऊन आलेला. त्याच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. म्हणाला, "काकू, आम्हाला देतच नाहीत." त्याला पाणी दिलं आणि मुलांच्या गणिताच्या वहीचं एक पान फाडून राउटरचा सिरियल नंबर, अडॅप्टर, वायर, तारीख, वेळ लिहिली. त्याने सही केली, खाली कंपनीतला स्वतःचा नंबर लिहिला. त्या पानाचा फोटो त्याच्यासमोरच अपिलाच्या ईमेलवर पाठवला. त्या पोराची यात काही चूक नाही, हे मला मनापासून वाटतं. त्याला पावतीपुस्तक न देणाऱ्यांची आहे.

बँकेत अर्ज दिला. वाशीच्या ताईंनी सांगितलं तसं एक पान जोडलं होतं, मॅडमनी ते वाचून फाइलला लावलं. नणंदेलाही रद्द झाल्याचं पत्र दाखवून आले.

१,००० रुपये अनामत अजून आलेली नाही. त्याबद्दल आज नवा ईमेल केलाय, आधीचे दोन्ही नंबर घालून. काका, पंधरा दिवसांत नाही आली तर ई-जागृतीवर तक्रार लिहायला घेते. मसुदा तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का?

नौपाड्याचे_काका

अवश्य. वहीच्या त्या पानाची मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, बॉलपेनची शाई दमट हवेत फिकी पडते. शनिवारी सकाळी वाटपाच्या वेळी मी नौपाड्यात असतो. जमलं तर कागद घेऊनच या.