एफएमवर न वाजणारं गाणं तुमच्यापर्यंत कसं पोचलं?

गाडीत एफएम लावला की तीच दहा-बारा गाणी, मधे दागिन्यांच्या नि फ्लॅटच्या जाहिराती. तरी चार लोकांना विचारलं तर प्रत्येकाकडे एखादं असं गाणं निघतंच, जे त्या रेडिओने कधी वाजवलेलं नाही. ते कुठून आलं, कुणाच्या नादाने आलं, ते इथे लिहा. नुसत्या याद्या नकोत, वाट सांगा.

सुरुवात मीच करते. मी वादकांच्या नावांचा माग काढते. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर ती बारीक टायपात असायची. झाकीर हुसेन हे नाव दिसलं म्हणून ‘शक्ती’ या वाद्यमेळाची कॅसेट घेतली. गिटारवर जॉन मॅकलॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विक्कू विनायकराम. मडक्यातून एवढं निघतं? त्या घटमच्या मागे लागून कर्नाटक संगीतात शिरले. तनिआवर्तनात, म्हणजे मैफलीतल्या फक्त तालवाद्यांच्या भागात, मृदंग, घटम, खंजिरा यांची सवाल-जवाबी सुरू झाली की गॅसवर काय ठेवलंय ते आजही विसरायला होतं. गाण्यांच्या ॲपवर हा कागदच नाही. गायकाचं नाव नि एक चित्र, संपलं. आता यूट्यूबवर व्हिडिओखालचं वर्णन उघडून वादक शोधते.

रातकिडा: आपली आकाशवाणी. शनिवारी रात्रीची अखिल भारतीय संगीत सभा १९५२ पासूनची. निवेदिका राग, ताल, साथीदार सांगते आणि गप्प बसते, हे मला फार आवडतं. मल्लिकार्जुन मन्सूरांचा बसंती केदार राग मीडियम वेव्हच्या खरखरीतून असाच कानावर पडला. नांदेडात तेव्हा तो मागायचा कुणाकडे? आता खरखर गेली. २०१६ साली ‘रागम’ वाहिनी सुरू झाली, चोवीस तास शास्त्रीय, मोबाइलवर.

जुना श्रोता: व्यावसायिक रेडिओला एवढं झोडू नका. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांची गळचेपी झाली. तेव्हा अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला. बिनाका गीतमाला १९५२ ची, आणि बिनाका म्हणजे टूथपेस्ट! वडील सांगायचे, बुधवारी रात्री ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या ओटीवर आळी जमायची. सरकारने १९५७ मध्ये विविध भारती काढली ती या धसक्यानेच, असं आपलं माझं मत.

माणदेशी: आमच्याकडं म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ लागतं, ९०.४ वर. सामुदायिक रेडिओ, त्यामुळं टप्पा छोटा. त्यावर आपल्याच भागातली माणसं गातात. धनगरांच्या गजी नाचाचा ढोल, बायकांच्या ओव्या. आमची आजी ऐकता ऐकता म्हणली, “ही ओवी अशी न्हाई,” आणि तिनं स्वतःची म्हणून दाखवली. ती आम्ही घरात कुणीच कधी ऐकली नव्हती. लगेच मोबाइलवर रेकॉर्ड केली. जात्यावरच्या ओव्यांचा मोठा साठा पाहिजे असंल तर ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर जा, लाखावर ओव्या गोळा केल्यात त्या प्रकल्पात. बाईचं नाव, गाव सगळं दिलेलं असतं.

बेसुरा: वरातीच्या ब्रास बँडवर शझाम, ते गाणं ओळखणारं ॲप, धरून पाहिलं. ॲपने हात टेकले.

सिअ‍ॅटलकर: इथलं केईएक्सपी हे रेडिओ स्टेशन मुख्यतः श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. काय लावायचं ते निवेदक ठरवतो आणि वाजलेलं प्रत्येक गाणं लगेच संकेतस्थळावरच्या यादीत दिसतं, त्यामुळे “मघाशी काय लागलं होतं” ही चुटपुट राहत नाही. मालीचा अली फार्का तुरे मला इथेच भेटला. त्याची गिटार ऐकताना आधी भूप रागच आठवला. तज्ज्ञांनी हसू नये.

हॉस्टेलवासी: ॲपला एक गझल आवडल्याचं कळलं की महिनाभर गझलच पाजतं. त्यापेक्षा बँडकॅम्प बरं, तिथे कलाकारांचे अल्बम थेट विकत मिळतात. अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांचे छोटे फोटो असतात. एकावर टिचकी मारायची, त्याने आणखी काय काय घेतलंय ते दिसतं. माझ्यासारखाच एखादा विचित्र अल्बम घेणारा सापडला की त्याचं कपाट उपसायचं. मुंबईत काळा घोड्याच्या रिदम हाऊस या दुकानात, म्हणे, हेडफोन लावून आधी ऐकायला मिळायचं. ते २०१६ साली बंद झालं, मी तेव्हा शाळेत.

बेसुरा: गोव्याचं कुणी आहे का? मांडो या गीतप्रकाराच्या पलीकडचं कोंकणी ऐकायचंय.

मडगावची: आहे ना! तियात्राला, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकाला या. दोन ‘पड्द्यां’च्या, म्हणजे प्रवेशांच्या, मधे कलाकार पुढे येऊन कांतारां (गाणी) म्हणतात. कथेशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. रस्त्यातले खड्डे, निवडणूक, सुना-सासवा, कशावरही. वाद्यवृंद रंगमंचाजवळच बसतो आणि ट्रम्पेट ऐकण्यासारखा असतो. इथे रवींद्र भवनात नाहीतर पणजीला कला अकादमीत प्रयोग लागतात. भाषा निम्मी कळली तरी चालेल. लोक हसले की शेजारच्याला विचारा, सांगतात.