वहिनीचे डबे बंद पडताहेत, काय करावं?

दांडियाबाजारची नणंद:
वहिनी घरून पोळीभाजीचे डबे देते. दादा गेल्यापासून घर त्यावरच चालतं. तिला एचआयव्ही आहे. बडोद्याच्या सयाजी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरवरून, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रातून, गोळ्या आणते, एक दिवस चुकवत नाही. मागच्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडलासुद्धा नाही. तरी बाटलीचं लेबल ओलं करून नखानं खरवडते, मगच बाटली रव्याच्या डब्यामागे ठेवते.

घरात हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. एका खाजगी लॅबमधला माणूस गल्लीत बोलून बसला. तेव्हापासून "सून आलीय, आता घरीच करते" अशी कारणं सुरू. एका काकूंकडून रिकामा डबा आला, त्याला डेटॉलचा भपकारा!

गिऱ्हाइकांना सांगायला ती बांधील आहे का? आणि त्या लॅबवाल्याचं काय करायचं?

जुनी सिस्टर:
अजिबात बांधील नाही. स्वयंपाकातून, उष्ट्यातून एचआयव्ही लागत नाही. लोड सापडत नसेल तर शरीरसंबंधातूनही जात नाही, मग पोळीचं काय घेऊन बसलात! २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय असं बोलून त्या लॅबवाल्यानं हा कायदा मोडलाय. लॅबला लेखी तक्रार द्या, याच कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालाकडेही जाता येतं. कोर्टात नाव झाकून केस चालवायची सोय आहे. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.

रावपुऱ्याचे काका:
कायदा ठीक. पण खाणाऱ्यानं विचारूच नये?

दांडियाबाजारची नणंद:
काका, लग्नात खोकणाऱ्या स्वयंपाकी महाराजाला विचारता का? खोकल्यातून तरी काहीबाही लागतं.

गोळीवाला:
मी स्वतः पॉझिटिव्ह. तक्रार तिला हवी असेल तरच करा, गल्लीत पुन्हा चर्चा होते ती तिलाच सोसावी लागते. आधी सेंटरच्या कौन्सेलरला विचारून पॉझिटिव्ह लोकांच्या ग्रुपला घेऊन जा. मी गेलो तेव्हा शेजारची बाई तासभर सुनेबद्दल कुरकुरत होती, आजाराचं अक्षर नाही. इतकं हलकं वाटलं!

आणि मकरपुऱ्याला आमच्या कारखान्यात डबे लागतात. माझा तर नक्की, बाकीच्यांना चव आवडली की घेतील. तिखट बेतानं, सगळे गुजराती आहेत.

दांडियाबाजारची नणंद:
वहिनीला वाचून दाखवलं. लॅबचं नाव काढलं की उठून जाते, तेव्हा ते तूर्त राहू दे. ग्रुपचंही "बघू" म्हणाली. मकरपुऱ्याला डबा किती वाजता पोचायला हवा, ते मात्र विचारतेय.