मॅरेथॉन धावून मुलांसाठी पैसे मागावेत का?

मीनल_ठाणे

यंदा जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधली अर्धी, म्हणजे २१.०९७ किमी धावले. त्याआधी चार महिने ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडे पैसे मागत होते. परळला कॅन्सरच्या उपचारासाठी येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना फुकट राहायला जागा देणारी एक संस्था आहे, तिच्यासाठी. ६४ जणांनी मिळून १ लाख १२ हजार दिले. परवा मावशी म्हणाली, "पळायचं तर पळ की! लोकांपुढे हात कशाला पसरायचा? द्यायचेच होते तर आपल्या खिशातले द्यायचे." ते मनाला फार लागलं, म्हणून हा धागा.

माझं मत: मागावेत. टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर सात-आठ वर्षांचा एक मुलगा पाहिला होता. डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क, वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला. आई डब्याच्या झाकणात वरणभात कालवत होती. रिपोर्टांची फाईल दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून उशाशी ठेवली होती. पाऊस आला तर तीच आधी वाचवायची, म्हणून.

मुलांमधल्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. केमोने प्रतिकारशक्ती इतकी खाली जाते की साधा ताप जिवावर बेततो. सरकारी योजनेतून औषधोपचाराचा खर्च निघतो, पण मुंबईत राहायचं कुठे? मग आईबाप उपचार अर्धवट टाकून गाव गाठतात. मूल बरं होण्यासारखं असताना. पेडर रोडचा चढ चढताना पोटऱ्यांत गोळे आले, तेव्हा मला ती फाईलच दिसत होती.

जुना_परळकर

मीनलताई, तुमच्या तळमळीबद्दल तिळमात्र शंका नाही. पण मला हे पटत नाही, आणि राग येऊ देऊ नका.

पहिली मॅरेथॉन २००४ साली झाली, तेव्हापासून बघतोय. जानेवारी जवळ आला की ऑफिसात देणगीच्या लिंका फिरायला लागतात. साहेबाची लिंक आली की हाताखालचा माणूस नाही म्हणू शकतो का? देणाऱ्यांच्या यादीत नाव दिसतं, आकडा दिसतो. त्याला मी दान म्हणणार नाही.

दुसरं जास्त गंभीर. तुमच्या देणगीच्या पानावर एका मुलीचा फोटो होता, नावासकट, सलाईन लावलेला. उद्या ती बरी होईल, कॉलेजात जाईल, लग्नाचं बघतील. तेव्हाही तो फोटो नेटवर असेल. तिला कोणी विचारलं होतं? बाल न्याय कायद्याचं कलम ७४ संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. आजारी मूल त्या व्याख्येत बसो न बसो, लाज राखायची गरज तीच आहे.

आमच्याकडे दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. कॅन्सरचे रुग्ण आणि नातेवाईक तिथे वर्षानुवर्षं राहतात. बाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या लोकांकडून मागूनच, हे मान्य. पण त्यांनी कुठल्या रोग्याचा चेहरा पुढे करून मागितलं नाही.

सीए_सातारा

दोन तांत्रिक गोष्टी. देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटतं की ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकरातली सवलत मिळेल. नवीन कररचना निवडली असेल तर ती मिळत नाही, आणि जुन्यातही रोख २००० रुपयांच्या वर दिलेले धरत नाहीत. मागताना हे सांगून टाकावं. आणि कंपन्यांबद्दल: कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या जूनमध्ये परिपत्रक काढून सांगितलं होतं की मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चात धरता येणार नाहीत.

हिशेबवाली

मी मुलांसाठीच काम करणाऱ्या एका लहान संस्थेत हिशेब बघते, म्हणून आतली बाजू सांगते. परळकरकाका, फोटोबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. बाकी नाही.

सीएसआरचा पैसा येतो तो बांधलेला येतो. इतक्या मुलांना इतक्या वह्या, इतकी शिबिरं, फोटोसह अहवाल. त्यातून गळका पाइप बदलता येत नाही, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार निघेलच असं नाही. दिवाळीच्या आसपास दरवर्षी आमचं लाईटबिल कुठून भरायचं हा प्रश्न असतो. मॅरेथॉनमधून आलेल्या छोट्या छोट्या देणग्यांवर अशी अट नसते. गेल्या वर्षी त्यातून आम्ही वॉशिंग मशिन घेतलं. ज्या घरात केमो चालू असलेलं मूल आहे, तिथे रोज स्वच्छ चादर हे औषधच असतं. वॉशिंग मशिनला देणगी द्या म्हणून कंपनीच्या दारात गेलो असतो तर पुढच्या आर्थिक वर्षात या म्हणाले असते.

खिशातून द्या म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, मीनलताईंच्या खिशातून १ लाख १२ हजार निघाले असते का?

जुना_परळकर

वॉशिंग मशिनचं मला ठाऊक नव्हतं. पटलं. पण माझा आणखी एक प्रश्न आहे: जानेवारीत पैसा येतो, जुलैत काय? पोरांची केमो काही मॅरेथॉनचं वेळापत्रक बघून चालत नाही. ६४ पैकी किती जणांना आज त्या संस्थेचं नाव तरी आठवतंय?

मीनल_ठाणे

काका, तुम्ही विचारलंत म्हणून आज दुपारी संस्थेला फोन करून विचारलं. ६४ पैकी ११ जण दर महिन्याला देतात. कोणी ३००, कोणी ५००. बाकीचे ५३ थांबले. ११ हा आकडा मला कमी वाटतो, पण त्यातले नऊ जण असे आहेत की त्यांनी आयुष्यात कधी कुठल्या संस्थेला पैसे दिले नव्हते. मी धावते म्हणून उत्सुकतेने लिंक उघडली, एवढंच.

साहेबाच्या लिंकेचं तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. पुढच्या वेळी माझ्या हाताखालच्या कोणालाही लिंक पाठवणार नाही, आणि देणाऱ्यांची नावं, आकडे दिसू देणार नाही.

फोटो मघाशी काढून टाकला. मुलीच्या आईने तेव्हा होकार दिला होता, पण खोली मिळालेली बाई नाही म्हणणार तरी कशी, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिथे आता पंख्याखाली वाळत घातलेल्या चादरींचा फोटो लावलाय. ८०जीची ओळही टाकली.

दादरच्या धर्मशाळेत पावती कोणत्या वेळेत फाडतात, ते सांगाल का? शनिवारी मावशीला घेऊन जाईन म्हणते.